पातीचा व्यवहार

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर देवास गेट लागते. आज हे नाव एका बसस्थानकाचे आणि सदा गजबजलेल्या चौकाचे आहे. नावात गूढ असे काही नाही. इथून रस्ता देवासकडे जातो, ३५-४० किलोमीटरवर, आग्नेयेला. गूढ आहे ते देवासात. शहर एक आणि राज्ये दोन, असा प्रकार तिथे सव्वादोनशे वर्षे चालला. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू १७२८ च्या सुमारास तिथे स्थिरावले आणि त्यांच्या वंशजांनी एकाच गावात शेजारी-शेजारी दोन गाद्या चालवल्या. इंग्रजी दप्तरात या राज्यांना 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हटले जाई; ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये त्यांतल्या सीनियर महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि या दुहेरी कारभाराची गंमत त्याने पुढे पुस्तकात लिहिली. मराठीत मात्र या राज्यांची नावे थोरली पाती आणि धाकटी पाती. पाती म्हणजे हिस्सा, भागीदारीतला वाटा. दुकानात पाती असते, गलबताच्या मालात असते, विहिरीच्या पाण्यात असते. राज्याला हाच शब्द लावावा हे मला अपघाताने घडलेले वाटत नाही. माळव्यातला मराठी विस्तार हा मुळातच पातीचा व्यवहार होता. धोका एकट्याने न पेलता वाटून घ्यायचा, म्हणून तो पत्करता आला. आणि याच वाटपात मोडण्याचेही कारण दडलेले होते. उज्जैनच्या सराफ्यातही पातीचाच व्यवहार चालत असे. तो जास्त टिकला, आणि का टिकला हे पाहिले की सरदारांच्या पातीत काय उणे होते ते कळते.

नर्मदा ओलांडून उत्तरेत जावे की नाही, यावर शाहू महाराजांच्या दरबारात वाद झाला, हे शाळेतल्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक आहे. एका बाजूला श्रीपतराव प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला तरुण पेशवे बाजीराव. प्रतिनिधींचे म्हणणे असे की आधी घर सावरावे: कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी आहे, दक्षिणेत निजाम आहे, कर्नाटकाचे काम अर्धवट पडले आहे आणि खजिन्यात पैसा नाही. बाजीरावांचे म्हणणे असे की मोगल सत्ता खिळखिळी झालेली असताना थांबणे हेच महागात पडेल. हा प्रसंग नाट्यमय भाषणांसह आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः ग्रँट डफच्या इतिहासातून आणि नंतरच्या लेखकांच्या रंगकामातून. तेव्हा त्या दिवशी दरबारात कोण कोणत्या शब्दांत काय बोलले, यावर इमारत उभी करू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पण भाषणे वगळली तरी वाद उरतोच, कारण त्याचे परिणाम कागदावर आणि रणांगणावर दिसतात. १७३३ च्या जंजिरा मोहिमेत पेशवे आणि प्रतिनिधी यांचे जमले नाही ते नाहीच. गुजरातच्या हक्कांवरून सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आणि बाजीराव समोरासमोर आले, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईला दाभाडे मारले गेले. विस्ताराच्या वादाचा निकाल आपल्याच सेनापतीच्या रक्ताने लागतो, तेव्हा तो वाद बखरकाराच्या कल्पनेतून आलेला नसतो.  

प्रतिनिधींना इतिहासाने उगाच भित्रे ठरवले आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे वर्णन आहे. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पायांवर डोके ठेवून कपाळ झिजल्याची तक्रार आहे. स्वामी हे गुरू, आणि धनकोही. ज्याला गुरूकडूनच कर्ज घ्यावे लागते, त्याच्या खजिन्याची स्थिती वेगळी सांगायला नको. मग असा कर्जबाजारी माणूस शेकडो कोसांवरच्या मुलखात फौजा धाडतो कसा? उत्तर पातीत आहे. बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या तेव्हाच वाटपाची रीत बसली होती. चौथाईतले २५ टक्के राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ टक्के साहोत्रा पंत सचिवांचे, ३ टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीतल्या माणसांचे, आणि उरलेले ६६ टक्के मोकासा म्हणून सरदारांचे, ज्यातून त्यांनी फौज बाळगायची. म्हणजे लष्कराचा खर्च मध्यवर्ती खजिन्यावर पडत नसे. जो मुलूख मिळवायचा त्याच मुलखाच्या भावी उत्पन्नातून तो भागवायचा. ज्याची पाती त्याचा घोडा. कर्जबाजारी पेशव्याला हे परवडत होते, आणि साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून आलेल्या राणोजी शिंद्यांसारख्या माणसाला यात आयुष्य पालटण्याची संधी दिसत होती.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा यांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर याला ठार केले. विजय मोठा होता, पण त्यानंतर उज्जैनपुढे काय झाले हे कमी सांगितले जाते. चिमाजीआप्पांनी डिसेंबरात शहराला वेढा दिला, गिरिधरच्या मुलाने, भवानीरामने, ते लढवले, आणि मराठ्यांना वेढा उठवून पुढे जावे लागले. शहर जिंकण्याइतका वेळ आणि पैसा त्या फौजेपाशी नव्हता. तिचे पोट फिरण्यावर आणि वसुलीवर चालत होते. म्हणून माळवा एका लढाईने हाती आला नाही. तो वाट्या-वाट्याने, वसुलीच्या कमाविसदारांमागून सरकत आला. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ निजामाने माळवा सोडून देण्याचे कबूल केले आणि १७४१ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात बादशाही मान्यतेची मोहर उमटली. तोवर जमिनीवरची वाटणी कधीच होऊन गेली होती. दीड कोटीच्या माळव्यापैकी ७४॥ लाख मल्हारराव होळकरांकडे, ६५॥ लाख राणोजी शिंद्यांकडे आणि १० लाख आनंदराव पवारांकडे, असा आकडा इंग्रज इतिहासकारांनी नोंदवला आहे. आकडा कागदी आहे, प्रत्यक्ष वसूल कमीच असणार. पण अर्ध्या लाखापर्यंत काटेकोर गेलेली ही वाटणी एका राजाने केलेल्या नेमणुकीसारखी वाचताच येत नाही. ती भागीदारांच्या खातेवहीसारखी वाचता येते. उज्जैन शिंद्यांच्या पातीत आले. राणोजींनी तिथे ठाणे केले, आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या देवळाची पुनर्बांधणी केली.

यावर कोणी म्हणेल, यात भागीदारी कसली, ही तर लुटीची वाटणी. रयतेच्या बाजूने पाहिले तर हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि मी तो खोडू इच्छितही नाही. पातीदारांच्या यादीत रयत कुठेच नव्हती. नफ्यात तिचा हिस्सा नव्हता, तोट्यात मात्र पुरता होता. फौज हरली तरी गाव उजाड होई, जिंकली तरी वसुली दुप्पट होई. परंतु लूट म्हटल्याने एक गोष्ट समजत नाही: लुटारूंची वाटणी लूट संपली की संपते, ही वाटणी मात्र पिढ्यान्पिढ्या चालली. देवासचे दोन भाऊ गावही वाटून घेतात आणि शेजारी नांदतातही, यामागे काही नियम होते. प्रश्न असा आहे की ते नियम कशाचे होते. ते उत्पन्नाचे होते. कोणी किती घ्यायचे हे ठरलेले होते. एखाद्याने नवा मुलूख जिंकला तर तो सामाईक की स्वतंत्र, एखाद्याला मोहिमेतून अंग काढून घ्यायचे असेल तर त्याने काय सोडायचे, आणि बुडीत खर्च कोणाच्या नावे लिहायचा, हे कुठेच ठरलेले नव्हते.

हे उणे महादजी शिंद्यांच्या काळात उघडे पडले. दिल्लीच्या राजकारणात महादजींनी जे कमावले त्यात होळकरांचा वाटा किती? पुण्याहून पाठवलेल्या अलीबहादूर आणि तुकोजी होळकर यांचा आग्रह हिश्शाचा. महादजींचे म्हणणे असे की पैसा माझा, माणसे माझी, कर्जही माझे. दोघेही जुन्या रीतीचाच आधार घेत होते, आणि दोघांनाही त्या रीतीत आधार सापडत होता. शेवट १ जून १७९३ रोजी लाखेरीला झाला. महादजींच्या पदरी असलेल्या द बॉयनच्या कवायती पलटणींनी होळकरांची फौज मोडली. आठ वर्षांनी उलट बाजूने हिशेब झाला. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहराकडून जबर किंमत वसूल केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले. चिमाजीआप्पांना न घेता आलेले शहर ७३ वर्षांनी लुटले गेले ते एका पातीदाराकडून, दुसऱ्या पातीदाराचे म्हणून. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि उज्जैन दरबाराविना उरले.

सराफा मात्र उरला. इथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजे जवळ बाळगलेला मौल्यवान ऐवजही. अंगावर जोखीम आहे, रात्रीचे जाऊ नका, असे आजही म्हणतात. रस्त्याने माल नेणाऱ्यांच्या जगात धोका आणि ऐवज ही एकाच गोष्टीची दोन नावे होती, आणि म्हणून त्या धोक्याला भाव होता. माळव्यात सावकार वाटेतल्या मालाचा विमा उतरवत. जॉन माल्कमने मध्य भारतावरच्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. वाट जितकी वाईट तितका दर चढा. विमा, हुंडी आणि पाती या तिन्हींनी मिळून सावकाराला जे दिले ते सरदाराला कधी मिळाले नाही: वर्ष संपले की वही बंद करण्याची, नफा-तोटा मांडण्याची, आणि पटले नाही तर पाती काढून घेण्याची सोय. या धंद्यात केवळ शेटजी होते असेही नाही. कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतरावांची राणी बायजाबाई, जिने १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार चालवला, तिच्या पेढ्या उज्जैनमध्ये होत्या. बापाने इंदूर लुटले आणि लेकीने उज्जैनला पेढी चालवली, हा योग नोंदवून पुढे जाऊ.

या सराफ्याची खरी कसोटी लागली अफूत. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता आणि माळव्याची अफू तो मक्ता पोखरत होती. १८०५ पासून मुंबई बंदरातून तिची निर्यात बंद केलेली होती. मराठी सत्ता मोडल्यावर, १८१९ पासून, कंपनीने स्वतःच माळव्यात उतरून अफू खरेदी करायला सुरुवात केली, आणि मग संस्थानिकांशी करार करून लागवड आणि वाहतूक आवळण्याचा घाट घातला. होळकरांनी असा करार केला. शिंद्यांनी केला नाही, आणि उज्जैन शिंद्यांचे होते. माल उज्जैनहून राजपुतान्यात पालीला, तिथून वाळवंटातून जैसलमेरमार्गे कराचीला, आणि कराचीहून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. नकाशावर बोट फिरवून पाहावे: समुद्र नैर्ऋत्येला असताना माल शेकडो मैल वायव्येला जाऊन परत खाली येत होता. दमणच्या टोकाला गोमंतकीय व्यापारी रोझेरियो द फारिया, मुंबईचे मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई अशी मंडळी होती. इतका लांबचा, इतक्या हातांतून जाणारा आणि बेकायदा ठरवलेला धंदा एका माणसाच्या भांडवलावर चाललाच नसता. वाटेवर एक काफिला बुडाला तर एक पेढी बसायची नाही, इतके तुकडे त्या जोखमीचे झालेले होते.

याला देशी प्रतिकार म्हणावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि अमर फारूकी यांनी या चोरट्या व्यापाराकडे कंपनीच्या मक्त्याला दिलेला शह म्हणून पाहिले आहे. मला 'प्रतिकार' या शब्दाची थोडी धास्ती वाटते. चीनमधल्या व्यसनी माणसाला आपली अफू कोणत्या रस्त्याने आली याने काही फरक पडत नव्हता, आणि खसखशीच्या शेतात आगाऊ रकमेपायी अडकलेल्या कुणब्यालाही नाही. सरदारांच्या पातीत रयत नव्हती तशी सावकारांच्या पातीतही नव्हती. पण व्यवहार म्हणून पाहता एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्या कंपनीने शिंदे, होळकर आणि पेशवे यांना एकेक करून गाठले, तिला उज्जैनच्या पेढ्यांना एकेक करून गाठता आले नाही. सरदारांत फूट पाडता येत होती, कारण त्यांची भांडणे हिश्शाची होती आणि ती मिटवायला वही नव्हती. पेढ्यांचे हिशेब दर वर्षी मिटत, म्हणून फोडायला जुने वैर फारसे हाती लागत नसे. दहा-अकरा वर्षे पैसा ओतून १८३० च्या सुमारास कंपनीने खरेदीचा नाद सोडला. मुंबई बंदर खुले झाले. दर पेटीला १७५ रुपये भरून परवाना घ्यायचा आणि माल सरळ न्यायचा. तरीही कराचीची वाट चालूच राहिली, म्हणून १८३५ मध्ये परवाना १२५ वर आणावा लागला. वाळवंटातून जाण्याचा खर्च आणि विमा किती पडतो, याच्याशी सरकारी शुल्काला स्पर्धा करावी लागत होती.

१८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि कराची कंपनीकडे गेली. उज्जैनच्या एकाही पेढीला कोणी हात लावला नाही. फक्त दुसरी वाट उरली नाही. त्याच वर्षी परवान्याचा दर २०० झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. उज्जैनहून निघणारा माल आता मुंबईकडे वळला होता, आणि पेटीमागचे ४०० रुपये पेढ्या मुकाट भरत होत्या.