भीमा-मांजरा : पाणी एकच, पण दोन राज्यांचा समन्वय पत्रावरच

कलबुर्गी जिल्ह्यात भीमा नदी अफजलपूर तालुक्यातून शिरते. इथल्या सोन्न बॅरेजवर किती पाणी येणार, हे ठरतं ते सोलापूर जिल्ह्यात. उन्हाळ्यात पाणी मागायचं आणि पावसाळ्यात पुराचा इशारा मिळवायचा, अशी दोन्ही कामं सीमेपलीकडेच करावी लागतात.

उन्हाळ्याचं आधी. ३१ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून वारणा-कोयनेतून कृष्णेत २ टीएमसी आणि उजनीतून भीमेत १ टीएमसी पाणी मागितलं. कारण होतं पिण्याच्या पाण्याचं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यात उपयुक्त साठा साधारण ५३.५ टीएमसी. त्या मानाने मागणी किरकोळ वाटते. पण कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाळूत मुरतं, काठावरच्या मोटारी ओढतात, मधले बंधारे आधी भरतात. सोलापूर शहराला उजनीतून समांतर जलवाहिनी टाकावी लागली ती याचसाठी. कलबुर्गी तर त्याच्याही पुढे. म्हणजे एक टीएमसी सोडलं तरी सोन्नला एक टीएमसी पोहोचत नाही.

बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्याच्या पाण्याची वाटणी करून दिली, १९७६ मध्ये ती अधिसूचितही झाली. तरी एप्रिल-मेमधल्या टंचाईत पत्र लिहायचीच वेळ येते.

पुराचं गणित आणखी अवघड. लोक बातमीत ‘उजनीचा विसर्ग’ तेवढा बघतात. प्रत्यक्षात वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेत मिसळतं. पुढे हत्तरसंग-कुडलला सीना येऊन मिळते. तिच्यावर उजनीच्या दरवाजांचा काहीच ताबा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये उजनी आणि वीरच्या पाण्याने अफजलपूर, जेवर्गीची गावं हलवावी लागली. सप्टेंबर २०२५ ला मात्र सीनेच्या महापुराने घात केला. गाणगापूरला संगमावर स्नानाला जाणाऱ्या आपल्याकडच्या दत्तभक्तांनीही निघण्यापूर्वी उजनी, वीर आणि सीना असे तिन्ही आकडे बघावेत.

दोन्ही सरकारं बोलत नाहीत असं नाही. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरानंतर संपर्क वाढला. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, विषय पूरनियंत्रणातला समन्वय हाच होता. भर मात्र कृष्णा आणि अलमट्टीवर राहिला. भीमाकाठ त्या चर्चेत मागच्या बाकावरच.

बीदरची गोष्ट वेगळी. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, मांजरेचा हा पट्टा एकाच कलेक्टरखाली. आज धनेगावचं धरण बीड जिल्ह्यात, तेरणेचा संगम औराद शहाजानीजवळ, पुढे भालकी-औराद आणि मग तेलंगणातलं सिंगूर. वाटणी गोदावरी लवादाच्या १९८० च्या निवाड्यानुसार. पावसाने दगा दिला की वरच्या धरणातून खाली काही येत नाही. २०१६ मध्ये तर लातूरलाच मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे भालकी-औरादकरांनी कुणाकडे मागायचं?