बांध, घूस आणि मजुरी

आगगाडी १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास आली. त्यापूर्वी ही गावे एकमेकांशी जोडली होती ती खाडीने. कळवा, खारेगाव, दिवा, डोंबिवली या काठाने खारजमिनीत भात पिके, आणि ते पीक मातीच्या एका बांधावर उभे असे. बांध फुटला की खारे पाणी आत शिरे, आणि जमीन पुन्हा गोडी धरीपर्यंत कुणबी-आगऱ्याचे घर उपाशी राही. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला, तो याच बांधांच्या काळजीने.

बांध नेहमी भरतीनेच फुटतो असे नाही. खेकडा आणि घूस त्याला आतून पोखरतात. घूस पाण्याला भीत नाही. ती चांगली पोहते, काठाला बीळ करते आणि कणसे तोडून आत साठविते. तिचा खरा वैरी म्हणजे आपल्या जिल्ह्यातील कातकरी. काताच्या धंद्यावरून ज्याला नाव मिळाले, त्याच्या जंगलावर १८७८ च्या वनकायद्याने सरकारी पहारा बसला. मग कापणीनंतर तो शेताच्या बांधावर दिसे. बिळाची तोंडे बुजवायची, एका तोंडाने धूर द्यायचा, मग खणायचे. धन्याचे धान्य वाचे. कातकऱ्याच्या वाट्याला शिकार आणि बिळातली कणसे. हे काम मजुरीच्या हिशेबात बसत नसे.

आता विलायतेकडे पाहा. कातड्यासाठी १९२९ साली दक्षिण अमेरिकेतून तेथे कॉयपू आणला गेला. घुशीच्या कितीतरी पट मोठा हा पाणथळीतला कृंतक पिंजऱ्यांतून सुटला आणि पूर्व इंग्लंडातील बांध व पिके उद्ध्वस्त करू लागला. १९८१ साली सरकारने २४ सापळेवाले पगारावर नेमले. अडचण उघड होती: शेवटचा कॉयपू मेला की नोकरीही मेली! म्हणून दहा वर्षांच्या आत काम फत्ते झाल्यास तीन वर्षांच्या पगारापर्यंत बक्षीस ठरले. १९८९ साली मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर झाले.

आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने उंदरांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. कोणता प्राणी मारावा याचा विचार दोन्ही वेळा झाला. मारणाऱ्याच्या पोटाचा विचार मात्र त्या यादीत कधी आला नाही.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शिकारीचे नियमन म्हणजे आम्हांला तीन प्रश्न दिसतात: काय मारावे, कोणी मारावे, आणि काम संपल्यावर त्याने काय खावे? इंग्लंडने तिसऱ्याचे उत्तर आधी दिले, म्हणून पहिले दोन सुटले. आपल्या खाडीकाठच्या कित्येक बांधांवर आज इमारती आहेत. ते बांध ज्यांनी राखले, त्यांचे श्रम निदान इतिहासाच्या हजेरीपटावर तरी चढले पाहिजेत.