आजीच्या वहीतले लेबकुखन : नाताळच्या मसालेदार बिस्किटांचा इतिहास #थ्रेड

१/ डिसेंबरचा पहिला आठवडा. जर्मनीतील एखाद्या घराचे स्वयंपाकघर. मेजावर मधात भिजवलेल्या तपकिरी पिठाची जाड पोळी लाटलेली आहे. मुले पत्र्याच्या साच्यांनी तिच्यातून तारे, चंद्रकोरी आणि घोडे कापत आहेत. आजी जुनी वही उघडून बसली आहे. लवंग, दालचिनी, जायफळ, सुंठ आणि वेलदोडा यांचा वास जिन्यापर्यंत पोहोचला आहे. हे दृश्य पाहणाऱ्याला वाटते, की हे मध्ययुगापासून असेच चालत आले असणार.

२/ तसे ते नाही. या बिस्किटाचा, म्हणजे लेबकुखनचा, इतिहास सहाशे वर्षांहून जुना आहे. पण ते घरी, आईच्या देखरेखीखाली आणि मुलांच्या हातांनी होऊ लागल्याला फार तर दोनशे वर्षे झाली. त्याआधी ते कोणी भाजावे, कोणी विकावे आणि कोणाला परवडावे, हे नगरपरिषदा, बंदरे आणि दूरच्या बेटांवरच्या तोफा ठरवत होत्या.

३/ सुरुवात न्यूरेंबर्गपासून. या शहरात लेबकुखन भाजणाऱ्या कारागिराची पहिली नोंद १३९५ सालची आहे. हेच शहर का, याचे अर्धे उत्तर त्याच्याभोवतीच्या अरण्यात सापडते. या अरण्यातले मधपाळ झाडांच्या ढोल्यांत मधमाश्या पाळत. सम्राट चौथा कार्ल याने १३५० मध्ये त्यांना सनद देऊन त्यांचे हक्क कायम केले. साखर औषधासारखी तोळ्या-माशाने विकली जाण्याच्या त्या काळात गोडवा म्हणजे मध, आणि मधाचे कोठार या शहराच्या वेशीबाहेरच होते.

४/ उरलेले अर्धे उत्तर व्यापारात. न्यूरेंबर्ग हे मोठ्या व्यापारी मार्गांच्या संगमावरचे शहर. त्याचे सावकार व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांसाठी राखलेल्या वखारीत उतरत आणि अलेक्झांड्रियामार्गे आलेला मसाला आल्प्स ओलांडून आणत. मलबारचे मिरे आणि सुंठ, सह्याद्रीचा वेलदोडा, सिंहलद्वीपाची दालचिनी, मोलुक्कांची लवंग, बांदा बेटांचे जायफळ हे सगळे एका मुठीएवढ्या बिस्किटात एकत्र येत असे. जर्मनीच्या अनेक भागांत त्याला ‘फेफरकुखन’, म्हणजे शब्दशः ‘मिऱ्यांचा केक’, म्हणतात. त्यात मिरे असतीलच असे नाही. दूरदेशीच्या कोणत्याही मसाल्याला तेव्हा सरसकट मिरेच म्हटले जाई. श्रीमंत व्यापाऱ्याला हिणवायचे तर ‘मिऱ्यांचे पोते’ ही शिवी होती.

५/ आणि इथे ही कथा कोकणच्या किनाऱ्याला स्पर्श करते. वास्को द गामा परतल्यावर मसाल्याचा बाजार व्हेनिसहून लिस्बनकडे सरकू लागला. हे ओळखून आउग्सबुर्गच्या वेल्सर आणि फुगर घराण्यांनी, तसेच न्यूरेंबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगल या पेढ्यांनी, १५०५ मध्ये भारताकडे निघालेल्या फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमारात भांडवल गुंतवले. त्या आरमाराने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला आणि पुढे कण्णूर व कोचीनकडे कूच केले. वेल्सर घराण्याचा प्रतिनिधी बाल्थाझार श्प्रिंगर या सफरीत होता. त्याचे प्रवासवर्णन १५०९ मध्ये छापले गेले. पोर्तुगीज सत्तेच्या आपल्या अभ्यासात या जर्मन पैशाचा उल्लेख क्वचितच येतो. यायला हवा.

६/ एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. १५५३ मध्ये आउग्सबुर्गमध्ये लिहिलेली पाककृतींची एक हस्तलिखित वही उपलब्ध आहे. तिच्या लेखिकेचे नाव साबिना वेल्सेरिन; ‘वेल्सेरिन’ हे वेल्सर या आडनावाचेच स्त्रीलिंगी रूप. त्या वहीत लेबकुखन आहे. म्हणजे घरगुती कृती तेव्हाही होती, पण ती मसाल्याच्या जहाजांत पैसा असलेल्यांच्या थरात. सामान्य कारागिराच्या घरी ना मसाला होता, ना तो भाजायला भट्टी. दाटीवाटीच्या लाकडी घरांत आगीची भीती असे, म्हणून लोक पाव गावच्या सामाईक भट्टीत किंवा भटाऱ्याकडून भाजून घेत.

७/ मग सामान्य माणसाच्या तोंडी लेबकुखन कधी लागे? जत्रेत, विकत घेऊन. किंवा कोणी वाटले तर. इतिवृत्तांत एक प्रसंग येतो. १४८७ मध्ये सम्राट तिसरा फ्रीडरिख साम्राज्यसभेसाठी न्यूरेंबर्गला मुक्कामी असताना त्याने शहरातील सुमारे ४,००० मुलांना बोलावून स्वतःची प्रतिमा उमटवलेली लेबकुखन वाटली. ती सभा वसंत-ग्रीष्मात भरली होती. नाताळशी या वाटपाचा काही संबंध नव्हता. राजाचा चेहरा मुलाच्या पोटात घालण्याची ही युक्ती मात्र दाद देण्याजोगी!

८/ नाताळशी नाते जुळले ते उपवासामुळे. नाताळपूर्वीचे आठवडे हा तेव्हा उपवासाचा काळ होता. लोणी, दूध, अंडी वर्ज्य. ड्रेस्डेनच्या प्रसिद्ध नाताळी पावात लोणी घालण्यासाठी पोपची परवानगी मिळवावी लागली. ती १४९१ मध्ये मिळाली. मध, पीठ आणि मसाला यांच्या लेबकुखनला अशा परवानगीची गरज नव्हती. आपल्याकडच्या उपवासाच्या पदार्थांसारखेच हे. निषेधाच्या फटीतून उगवलेले पक्वान्न!

९/ आता हक्काचा प्रश्न. १६४३ मध्ये न्यूरेंबर्गच्या परिषदेने लेबकुखनवाल्यांना पाववाल्यांपासून वेगळी श्रेणी म्हणून मान्यता दिली. (प्राचीन भारताच्या अभ्यासात ‘श्रेणी’ शब्द वाचलेल्यांना कल्पना सहज येईल : कारागिरांची संघटना, तिचे नियम, तिची मक्तेदारी.) उमेदवारी करून, उस्ताद होऊन, मगच हा माल विकता येई. साचे नासपतीच्या लाकडात उलटे कोरलेले असत आणि उस्तादाची ती मोठी मालमत्ता असे. या व्यवस्थेत घरातल्या बाईचे स्थान गिऱ्हाइकाचे होते.

१०/ मसाल्यामागची हिंसा याच सुमारास वाढत होती. १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरस्झून कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवर चढाई केली. तिथली बहुसंख्य प्रजा मारली गेली, उपासमारीने मेली, हाकलली गेली किंवा गुलाम झाली. नंतर त्या बागा गुलामांच्या श्रमावर चालवल्या गेल्या. त्याच नेदरलँड्समध्ये सहा डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाला जायफळ घातलेली ‘स्पेक्युलास’ बिस्किटे मुलांच्या हातांत पडत. या दोन्ही गोष्टी एकाच वहीखात्यातल्या आहेत.

११/ एकोणिसाव्या शतकात सगळेच एकदम बदलले. आधी गोडवा. बीटमध्ये साखर असते हे बर्लिनच्या मार्गग्राफने १७४७ मध्ये दाखवले होते. त्याचा शिष्य आखार्ड याने शतकाच्या आरंभी सायलेशियात पहिला कारखाना काढला, आणि नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे उसाची साखर अडल्यावर या धंद्याने जोर धरला. मग मसाला. फ्रेंचांनी १७७० च्या सुमारास लवंग आणि जायफळाची रोपे डचांच्या नाकावर टिच्चून मॉरिशसला पळवली; पुढे झांजिबारमध्ये ओमानी सुलतानांच्या अमलात लवंगेच्या विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. तिथे राबणारे हात गुलामांचे होते आणि त्या व्यापारातले बरेचसे भांडवल कच्छी सावकारांचे. लवंग स्वस्त झाली ती अशी.

१२/ मग चूल. कप्पा असलेली ओतीव लोखंडाची शेगडी शहरी घरांत आली आणि प्रथमच भट्टी घराच्या आत, बाईच्या हाताशी आली. हा बदल साखरेइतकाच मोठा, तरी इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही. जोडीला तांबट-कल्हईवाल्यांच्या जातीच्याच कारागिरांनी पत्र्याचे हलके साचे काढले. लाकडी साच्याला कोरक्या उस्तादाचा हात लागे. पत्र्याचा साचा चार वर्षांचे मूलही दाबू शकते. ‘मुलांसह बिस्किटे करणे’ या प्रथेला या पत्र्याचा आधार आहे.

१३/ आणि रसायन. जुन्या पद्धतीत मध-पिठाचा गोळा आठवडेच्या आठवडे थंड जागी मुरवत. त्यात हळूहळू आम्ल तयार होई आणि लाकडाच्या राखेपासून काढलेल्या पोटॅशशी त्याची अभिक्रिया होऊन वायू सुटे, पीठ फुगे. दुसरे द्रव्य म्हणजे ‘हरणाच्या शिंगाचे मीठ’ : अमोनियम कार्बोनेट. पूर्वी ते खरोखरच शिंगे तापवून काढत. भट्टीच्या उष्णतेने त्याचे पूर्ण विघटन होते, पण सुटणारा अमोनिया बाहेर पडायला पदार्थ पातळ आणि कोरडा हवा. जाड केकमध्ये तो अडकतो आणि घास तोंडात धरवत नाही. ही बिस्किटे पातळ का, याचे उत्तर या मिठात बरेचसे दडले आहे.

१४/ श्रेणींची मक्तेदारीही गेली. प्रशियाने १८१० मध्ये व्यवसाय-स्वातंत्र्य दिले. न्यूरेंबर्ग ज्या बव्हेरियात होते, तिथे ते १८६८ मध्ये आले. एकीकडे वाफेवर चालणारे कारखाने निघाले, दुसरीकडे छापील पाकपुस्तके. हेन्रिएट डाव्हिडिस हिचे १८४० च्या दशकातले पाकपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मध्यमवर्गीय वधूला भेट दिले गेले. आज ‘खापरपणजीची कृती’ म्हणून जपलेल्या वह्यांतली पाने पुष्कळदा अशाच छापील पुस्तकांतून उतरवलेली असतात. शतक संपताना बेकिंग पावडरच्या पुड्यांवर कृती छापून येऊ लागल्या. त्याही वहीत उतरल्या.

१५/ याच शतकात नाताळ रस्त्यावरून घरात आला. दिवाणखान्यातले झाड, त्यावर दोऱ्याने टांगलेली बिस्किटे, बंद दारामागे वाट पाहणारी मुले हे सारे त्या काळच्या शहरी मध्यमवर्गाने रचलेले दृश्य आहे. त्यात केंद्रस्थानी पीठ मळणारी आई. पण ऐपतीच्या घरांत पीठ मळायला खेड्यातून आलेली मोलकरीण असे. चित्रांत ती सहसा दिसत नाही, दिसलीच तर कडेला.

१६/ जुनेपणाचा आभास कसा तयार होतो, याचा आणखी एक नमुना : हॅन्सेल आणि ग्रेटेलचे घर. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पाठात ते पावाचे आहे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या. लेबकुखनचा तिथे पत्ता नाही. ते घर लेबकुखनचे म्हणून लोकांच्या मनात ठसले ते पुढच्या चित्रांमुळे, मिठाईवाल्यांमुळे आणि २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारला प्रथम सादर झालेल्या हुम्परडिंकच्या ऑपेरामुळे.

१७/ घरात आलेल्या या प्रथेवर राज्यसत्तेचा डोळा जाणे क्रमप्राप्तच होते. नाझी राजवटीने नाताळातून ख्रिस्त वगळून त्याला ‘प्राचीन जर्मानिक’ अयनोत्सवाचे रूप देण्याचा प्रयत्न केला. पक्षाच्या प्रकाशनांतून मातांना सूर्यचक्रे आणि रून लिपीतील चिन्हे यांच्या आकाराची बिस्किटे करण्याच्या सूचना दिल्या गेल्या. १४८७ मध्ये सम्राटाचा चेहरा होता, आता चिन्हे होती. फरक एवढाच, की या वेळी साचा आईने स्वतःच्या हाताने दाबायचा होता.

१८/ आज ‘न्यूरेंबर्गर लेबकुखन’ या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. शहराच्या हद्दीत भाजलेल्या मालालाच ते नाव लावता येते. १६४३ च्या परिषदेला हा नियम अनोळखी वाटला नसता. त्यातल्या ‘एलिझन’ या वरच्या प्रतीत किमान २५ टक्के बदाम, अक्रोड किंवा हेझलनट आणि जास्तीत जास्त १० टक्के पीठ असावे लागते. वेशीबाहेरच्या घरांत आजीच्या वहीतून होतात, ती नुसती लेबकुखन. शिंगाच्या मिठाच्या पुड्या दुकानांत आजही मुख्यतः डिसेंबरच्या तोंडावरच मांडल्या जातात, आणि भट्टीचे दार उघडताच आधी अमोनियाचा भपकारा येतो. मुले नाक दाबून मागे सरतात. लवंग-दालचिनीचा वास त्यानंतर.