दोन उंबरठ्यांच्या बाहेर

१८५० साली जातिबहिष्कृताचा किंवा धर्मांतरिताचा वारसाहक्क राखणारा कायदा झाला. परंतु पाणवठा, पंगत आणि सोयरीक यांना कायद्याचे कलम लागू पडत नव्हते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जो ख्रिस्ती झाला, त्याची मिळकत कदाचित राहिली. माणसे बहुधा राहिली नाहीत.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले तरी त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. अखेर १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. मात्र 'स्मृतिचित्रे' वाचताना एक क्रम ध्यानात येतो. त्यांच्या मनातून जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा मागाहून आला. शिवाशिवीचा त्याग ही त्यांच्यापुरती धर्मांतराहून मोठी घटना होती, असे म्हणावेसे वाटते.

स्वतः टिळकांना दुसरा उंबरठा मिशनच्या दारी भेटला. तेथे पगार होता, परदेशी मिशनऱ्यांची देखरेख होती आणि विलायती चालींवर बसवलेली मराठी गीते होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगणाऱ्या या कवीला ते घर अपुरे पडले. त्याने ख्रिस्तासाठी अभंग आणि भजने रचली. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्याने साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. दोन वर्षांतच, १९१९ साली टिळक वारले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

टिळक दांपत्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहिले गेले. नगर-जालना भागातील महार-मांग ख्रिस्त्यांची कथा निराळी. ते धर्म बदलून गावाबाहेर गेले नाहीत. त्यांची वस्ती आधीपासूनच वेशीबाहेर होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित त्या यादीबाहेरच राहिला. गाव त्याची जात विसरत नाही, सरकार ती मोजत नाही. ब्राह्मण धर्मांतरिताने परकेपण पत्करले होते. याला ते वारशात मिळाले. दोघांना एकाच मापाने मोजणे हा इतिहासावर अन्याय होईल.

या सर्वांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही, ती म्हणजे मराठी. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांची निवड होताच, धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून विरोध झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा सव्वाशे वर्षे होत आली होती. ज्या भाषेत अभंग लिहून टिळकांनी आपले घर बांधले, तिच्याच दारात त्यांच्या धर्मबंधूला ओळख विचारली गेली. दिब्रिटो अध्यक्ष झाले, हे खरे. ओळख विचारणारेही आपल्यातलेच होते, हेही तितकेच खरे.