चालती राजधानी: शामियाना उभारणारे आणि गुंडाळणारे हात

१/ डिसेंबर १६६४. औरंगजेब दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरकडे निघाला. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए या प्रवासात होता. मुक्कामाच्या ठिकाणी बादशाह पोहोचे, तेव्हा त्याचा डेरा आधीच उभा असे. कनाती ताणलेल्या, दरबाराचा मंडप सज्ज. सकाळी सोडलेला डेरा संध्याकाळी पुढे उभा कसा, याचे उत्तर मोगली सत्तेबद्दल पुष्कळ सांगून जाते.

२/ उत्तर साधे होते: डेरे दोन होते. एकात बादशाह मुक्काम करी, तेव्हा दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राही. बादशाहाने कूच केले की मागचा डेरा गुंडाळून त्याच्याही पुढे रवाना होई. या पुढे जाणाऱ्या सरंजामास ‘पेशखाना’ म्हणत. बर्निएच्या नोंदीनुसार अशा एका पेशखान्यास साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत.

३/ कोणी काय वाहायचे, हेही ठरलेले असे. मोठे तंबू आणि त्यांचे अवजड खांब हत्तींवर. लहान तंबू उंटांवर. स्वयंपाकाची भांडी व इतर सामान खेचरांवर. चिनी मातीची भांडी आणि नाजूक मौल्यवान वस्तू माणसांच्या खांद्यावर. अखंड खांब वाहून नेणे अवघड, म्हणून ते तीन तुकड्यांत सुटतील असे घडवलेले असत. तंबू बनवणाऱ्याला तो उभारण्याइतकाच तो आवरण्याचाही विचार करावा लागे.

४/ या व्यवस्थेचे तपशील त्याआधी अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवले आहेत. अकबराच्या छावणीसाठी शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या. आणि त्यांच्यासोबत इराणी, तुराणी व हिंदुस्तानी मिळून एक हजार फर्राश. फर्राश म्हणजे तंबू, कनाती, शामियाने आणि बिछायती यांची निगा राखणारा सेवक.

५/ छावणीतले प्रत्येक छत निराळे. ‘बारगाह’ हा सर्वांत भव्य मंडप. मोठ्या बारगाहीत दहा हजारांहून अधिक माणसे मावत, आणि ती उभारण्यास हजार फर्राशांना यंत्रांच्या मदतीनेही आठवडा लागे. शामियाना मात्र आटोपशीर. बारा गज लांबीरुंदीपेक्षा मोठा नसे. ‘नमगीरा’ त्याहून साधा: चार खांबांवर ताणलेले छत. त्याखाली चौथऱ्यावर संध्याकाळी बादशाह बसे, आणि तेथे केवळ मर्जीतल्यांनाच प्रवेश मिळे. कोण कोणत्या छताखाली बसतो, यावरून त्याचा दर्जा कळे.

६/ छावणीची आखणीही ठरलेली असे, त्यामुळे जागा बदलली तरी माणसाला आपला रस्ता सापडे. रात्री दुरून दिसावे म्हणून दरबारापुढे चाळीस गजांहून उंच खांबावर ‘आकाशदिवा’ लागे. त्या खांबाला सोळा दोरांचा आधार असे. गाव दररोज बदले, नगर मात्र तेच राही.

७/ हीच व्यवस्था औरंगजेबाने १६८१ नंतर दख्खनेत आणली. येथे तिची कसोटी लागली. तंबूचा सारा भार तणाव्यांवर असतो. तणावा तुटला की छत खाली येते. संताजी घोरपडे व विठोजी चव्हाण यांनी १६८९ मध्ये तुळापूरच्या छावणीवर रात्री छापा घालून बादशाही डेऱ्याचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस कापून नेले, अशी हकीकत मराठी परंपरा सांगते. डेरा हेच राजधानीचे रूप असल्यामुळे त्याचे कळस हरवणे ही साधी लूट ठरत नव्हती.

८/ दुसरा शत्रू पाऊस. भिजलेले कापड फार जड होते, ओल्या मातीत मेख धरत नाही, चिखलात उंटाचा पाय घसरतो. १६६४ च्या हिवाळ्यातल्या कोरड्या रस्त्यांवर जे जमले, ते सह्याद्रीच्या पावसाळ्यात जमणे कठीण होते. सातारा आणि परळी घेऊन परतणाऱ्या छावणीवर ऑक्टोबर १७०० मध्ये खवासपूरला माण नदीचा पूर रात्री अचानक चढला. डेरे आवरण्यास वेळच उरला नाही. या गोंधळात बादशाहाचा गुडघा दुखावला आणि तो पुढे कायम लंगडत राहिला.

९/ मराठ्यांनी याच ऋतुचक्राशी जुळवून घेतले होते. शिवाजी महाराजांचे लष्कर पावसाळ्यात मुलखातल्या छावणीला येई आणि दसऱ्यानंतर मोहिमेस निघे, असे सभासद बखर सांगते. छत केव्हा उभारायचे, याइतकेच ते केव्हा उभारायचे नाही, हेही तेथे ठरलेले होते.

१०/ औरंगजेब दिल्लीस परतलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत त्याचा अंत झाला. पाव शतकाहून अधिक काळ त्याची राजधानी कापडाची होती. ती रोज उभारणाऱ्या आणि गुंडाळणाऱ्या हजारो फर्राशांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात उरली नाहीत.

११/ त्यांच्या कामाचे नाव मात्र उरले. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत तंबू, कनाती व बिछायतींचा फरासखाना मोडे. पुण्यात पेशव्यांचा फरासखाना होता, आणि त्या परिसरातल्या पोलीस ठाण्याला आजही ‘फरासखाना’च म्हणतात. तेथून रोज जाणाऱ्या पुणेकराच्या तोंडी शामियाना आवरणाऱ्या त्या माणसाच्या हुद्द्याचा उच्चार नकळत होत असतो.