आधीच्या वीस ओळी

मजकुराच्या फाइलीतून काही वेचून काढणारा छोटा प्रोग्राम लिहायला बसलं, की खरं काम दोन-चार ओळींत संपतं. पिनकोड असलेली ओळ ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. ओळीच्या शेवटची रिकामी जागा कापायची. तारखेचा क्रम बदलायचा. पण तिथवर पोचण्याआधी वीसेक ओळी मुकाट्याने लिहाव्या लागतात. वापरणाऱ्याने फाइलींची नावं दिली आहेत का ते पाहायचं, दिली असतील तर एकेक उघडायची, नसतील तर पाइपमधून येईल ते वाचायचं, एखादी फाइल उघडली नाही तर तसं सांगायचं, पण तेवढ्यासाठी पुढच्या फाइली अडवून ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या फिल्टरला पुन्हा हेच. तिसऱ्या वेळी माणूस वैतागतो आणि त्या ओळी वेगळ्या काढून ‘हेल्पर’ नावाच्या फाइलीत टाकतो. युनिक्सच्या पाइपचं कौतुक सगळे करतात. या आधीच्या ओळींकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे; कारण त्यांतली जवळपास प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या फजितीतून आलेली आहे.

कूळ शोधत गेलं तर न्यू जर्सीत मरे हिल इथल्या बेल लॅब्जपाशी पोचतो. डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात प्रोग्राम बागेतल्या रबरी नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत, अशी इच्छा लिहून ठेवली होती. युनिक्सचा तेव्हा पत्ताही नव्हता. पुढे युनिक्स आलं तरी मॅकिलरॉय यांनी आपला हट्ट सोडला नाही, आणि तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी, १९७३ च्या सुरुवातीला, पाइप प्रत्यक्षात आला. केन थॉम्पसन यांनी ते काम एका रात्रीत उरकलं ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याच रात्री त्यांनी आणखी काय केलं, ते फारसं सांगितलं जात नाही. पाइपची सोय सिस्टीममध्ये आणि शेलमध्ये घालून झाल्यावर त्यांनी काही जुने प्रोग्रामही दुरुस्त केले. तसं केलं नसतं तर पाइप असून नसल्यासारखाच होता.

कारण तोवरच्या प्रोग्रामांना फाइलीचं नाव लागायचं. नाव न देता कुणी ‘सॉर्ट’ चालवेल आणि समोरून येईल तो मजकूर त्याने लावून द्यावा अशी अपेक्षा करेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आज याची गंमत वाटते, पण तेव्हाच्या लोकांचं चूक नव्हतं. फाइलीच नसतील तर लावायचं काय? पाइप आला आणि ‘नाव नसेल तर स्टँडर्ड इनपुट वाच’ हा रिवाज पडला. ‘फिल्टर’ हे नावही या प्रोग्रामांना त्याच सुमारास मिळालं. हेल्परची पहिली ओळ ती.

पाइपची खूण मात्र पहिल्या झटक्यात जमली नाही. आजची उभी रेघ आधी नव्हती. फाइलीकडे मजकूर वळवायचं > हेच चिन्ह पाइपलाही वापरत. प्रोग्रामला एखादा पर्याय द्यायचा तर तो सगळा तुकडा अवतरणचिन्हांत घालावा लागे, शिवाय तीच आज्ञा < वापरून उलटीकडूनही लिहिता येई. हा कारभार दोनेक महिने चालला, मग | आली.

दुसरी ओळ चुकांच्या निरोपांची. सुरुवातीला प्रोग्राम आपली तक्रारही स्टँडर्ड आउटपुटवरच टाकत. आउटपुट फाइलीत वळवलेलं असलं की तक्रार फाइलीत जाऊन पडायची, हा त्रास जुनाच होता. पाइपमुळे ती पुढच्या प्रोग्रामच्या तोंडी जाऊ लागली, आणि तो बिचारा ‘फाइल उघडता येत नाही’ हे वाक्यसुद्धा अकारविल्हे लावून मोकळा व्हायचा. एक इनपुट, एक आउटपुट हा सुटसुटीतपणा मोडायला मन होईना, म्हणून सहाव्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांनी हे सोसलं. मग डेनिस रिची यांनी तक्रारींसाठी वेगळी वाट काढली, तीच स्टँडर्ड एरर. पण तेवढ्याने भागलं नाही. पाइपमध्ये चार प्रोग्राम एकदम चालू असताना टर्मिनलवर ओरडलं कोण, हे कसं कळणार? म्हणून निरोपाच्या आधी प्रोग्रामने स्वतःचं नाव सांगायची पद्धत पडली. आज ‘ग्रेप:’ असं आधी छापून मग गाऱ्हाणं येतं, त्याचं मूळ इथे आहे. नवशिके हेल्पर लिहितात तेव्हा नेमकं हेच विसरतात आणि मग सात प्रोग्रामांच्या साखळीत ‘फाइल सापडली नाही’ एवढ्या पुराव्यावर तपास करत बसतात.

या ओळी प्रत्येकाने हाताने लिहायच्या ऐवजी एकदाच लिहाव्यात, हा विचार नंतर दोन दिशांनी आला. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी इनपुट-आउटपुटची फंक्शनं एकत्र बांधली. त्यातून घडलेली स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली. दुसरी दिशा मला जास्त रंजक वाटते. ब्रायन कर्निहन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७६ मध्ये ‘सॉफ्टवेअर टूल्स’ हे पुस्तक लिहिलं ते ज्यांच्याकडे युनिक्स नाही त्यांच्यासाठी. त्या लोकांकडे होतं फोरट्रान. त्या वेळच्या फोरट्रानला अक्षर नावाचा प्रकारच ठाऊक नव्हता. अक्षरं पूर्णांकांत कोंबायची. लेखकद्वयाने फोरट्रानवर ‘रॅटफोर’ ही जरा माणसात आणलेली भाषा चढवली आणि एक अक्षर घे, एक ओळ घे, कमांडमधला अमुकावा शब्द घे, अशी मूठभर फंक्शनं ठरवून टाकली. ती तेवढी आपल्या मशीनवर लिहून घ्यायची, बाकीचे फिल्टर जसेच्या तसे चालतील. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरीत डेनिस हॉल, डेबोरा शेरर आणि जो स्वेंटेक यांनी हे टोकाला नेलं आणि वेगवेगळ्या मशीनवर जवळपास युनिक्ससारखंच वातावरण उभं केलं. १९८० मधल्या त्यांच्या लेखात त्याला ‘आभासी ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हटलं आहे. फिल्टरची मदतनीस फंक्शनं एवढी वाढली की तीच सिस्टीम झाली!

पर्यायांचा गोंधळ मात्र बराच काळ राहिला. सॉर्टला स्तंभ सांगायचे ते +१ -२ असे, ‘डीडी’चा कारभार तर बरोबरच्या चिन्हाने चालणारा. ‘गेटऑप्ट’ या फंक्शनने त्याला शिस्त लावली. १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि परवान्याची सबब संपली.

तोवर काही लोकांनी हेल्पर लिहायचा प्रश्नच निकालात काढला होता. १९७७ च्या ‘ऑक’मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी फाइली उघडण्याचा आणि ओळी वाचण्याचा लूप भाषेच्याच पोटात घातला. लिहिणाऱ्याने फक्त सांगायचं की अशी ओळ दिसली तर असं कर. पण लूप झाकला की एक प्रश्न उघडा पडतो. तीन फाइली एकामागून एक वाचल्या तर ओळींचे आकडे पुढे चालू ठेवायचे, की दर फाइलीला एकपासून? ऑकचा ‘एनआर’ पुढेच मोजत जाई. चूक कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर आहे ते सांगायला तो निरुपयोगी. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या नव्या ऑकमध्ये दर फाइलीला नव्याने मोजणारा ‘एफएनआर’ आला. लॅरी वॉल यांच्या पर्लमध्ये (१९८७) हाच लूप < आणि > या दोन चिन्हांत मावला, आणि तिथेही ओळींचा आकडा पुढेच धावतो, मधली फाइल स्वतः बंद केल्याशिवाय एकवर येत नाही. पायथनच्या ‘फाइलइनपुट’ मॉड्यूलने दोन वेगळी फंक्शनं देऊन वाद मिटवला. तीन भाषा, प्रश्न एकच. कुळाची खूण म्हणतात ती हीच.

पर्लच्या त्या चिन्हांत एक सापही होता. पर्लचं फाइल उघडणं हुशार. नावाच्या शेवटी उभी रेघ दिसली की ते नाव फाइलीचं न मानता कमांड समजून चालवायचं. आता एखाद्या फोल्डरमध्ये कुणी ‘डेट |’ अशा नावाची फाइल करून ठेवली आणि तुम्ही तारा टाकून सगळ्या फाइली त्या लूपला दिल्या, तर फाइल वाचली जात नाही, ‘डेट’ चालतं. डेटच्या जागी सगळं पुसून टाकणारी कमांड असेल तर काय, हे सांगायला नको. पर्ल ५.२२ मध्ये (२०१५) यासाठी दुहेरी चिन्ह आलं, ते नावाला नावच मानतं. जुनं अर्थात तसंच आहे, कारण कुणाचा तरी जुना कोड त्यावर चालत असतो.

फाइल जागच्या जागी बदलायची हौस सगळ्यांना असते. सॉर्टचं आउटपुट त्याच फाइलीत > ने वळवलं तर हाती रिकामी फाइल येते, कारण सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल ती पुसून ठेवतो. पायथनच्या फाइलइनपुटला ‘इनप्लेस’ सांगितलं की ते मूळ फाइल बाजूला ठेवतं आणि तुमचं ‘प्रिंट’ थेट नव्या फाइलीकडे वळवतं. सोय उत्तम आहे, फक्त तपासासाठी मध्येच ‘इथवर आलो’ असं प्रिंट केलंत तर तेही इमानेइतबारे फाइलीत जाऊन बसतं.

मराठी मजकुरावर फिल्टर चालवणाऱ्यांच्या वाट्याला आणखी दोन ओळी येतात. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटांचा, युनिकोडच्या हिशेबाने ५ चिन्हांचा, आणि वाचणाऱ्याच्या लेखी ३ अक्षरांचा. यूटीएफ-८ ची रचनासुद्धा थॉम्पसन यांचीच. रॉब पाइक यांच्यासमोर, न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर, १९९२ मध्ये. त्या रचनेमुळेच, बाइट जसेच्या तसे पुढे देणारे जुने फिल्टर देवनागरी निदान मोडत नाहीत. पण विंडोजवरून आलेल्या फाइलीच्या डोक्यावर बऱ्याचदा तीन अदृश्य बाइट बसलेले असतात, त्यांना बीओएम म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला ‘मराठी’ शोधा म्हटलं तर पहिलीच ओळ हुकते, आणि डोळ्यांना तर तिथे ‘मराठी’ स्पष्ट दिसत असतं. अशा चार फाइली ‘कॅट’ने जोडल्या की ते बाइट मजकुराच्या मध्येच जाऊन बसतात.

पायथनमध्ये यावर ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग आहे, ते डोक्यावरचे बाइट गिळून टाकतं. फाइलइनपुटला एन्कोडिंग थेट सांगायची सोय ३.१० पासून आली. मात्र ते एन्कोडिंग लागतं फक्त नाव देऊन उघडलेल्या फाइलींना. स्टँडर्ड इनपुट जसं मिळालं तसंच वाचलं जातं. म्हणजे तीच फाइल नावाने दिली तर बीओएम जातो, पाइपमधून दिली तर राहतो. हेल्परमध्ये म्हणून लूपच्या आधी स्टँडर्ड इनपुटला ‘रीकन्फिगर’ करून तेच एन्कोडिंग सांगावं लागतं, आणि एक अक्षरही वाचण्याआधी सांगावं लागतं. वाचन सुरू झाल्यावर पायथन ते बदलू देत नाही.