सुरतेची वाट

नंदुरबारहून नवापूरमार्गे सुरतेला जाणाऱ्या एस. टी. गाडीत मी नेहमी खिडकीजवळची जागा धरतो, ती बाहेरच्या देखाव्यासाठी. नवापूरच्या आसपास सागाचे डोंगर, पुढे सोनगडचा किल्ला, मग व्यारा, बारडोलीचा हिरवागार उसाचा मुलूख आणि अखेरीस सुरत! संध्याकाळी डुमसला समुद्र पाहिला की डोळ्यांचे पारणे फिटते.

ही वाट आजची नव्हे. मोगलाईत सुरत बंदराचा माल नवापूर, नंदुरबार करीत बुऱ्हाणपूरला आणि तेथून आग्र्याला जाई. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. नवापूरचा तांदूळ बर्फासारखा शुभ्र असून त्याला कस्तुरीचा वास येतो, असे त्याने आपल्या १६७६ साली निघालेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. ते वाचताना माझ्या नाकात खरोखरच भाताचा घमघमाट शिरला.

पण त्याच्या आधीचा एक प्रवासी आहे, पीटर मंडी. १६३० साली पाऊस पडला नाही आणि गुजरात-खानदेशात भयंकर दुष्काळ पडला. इंग्रज कंपनीचा हा नोकर त्याच वर्षी सुरतेहून निघाला. वाटेवर जिकडेतिकडे प्रेते होती. आमच्या नंदुरबारात तर लहानसा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळवतानाही त्याच्या मंडळींना मारामार पडली. त्याच सुमारास बादशहा शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी फौजफाट्यासह बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता!

वाट एकच. एकाला तिच्यावर सुगंध भेटला, दुसऱ्याला मरण. वाट कोणाला काय दाखवील, हे तो कोणत्या साली आणि कशासाठी निघाला यावर ठरते, एवढे मला या दोघांनी शिकवले.

तेव्हापासून मी गाडीच्या आतही पाहू लागलो. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी बारडोलीकडे निघतात. बोचकी, भांडी, फडक्यात गुंडाळलेला कोयता आणि मांडीवर पेंगणारी पोरे. ज्या उसाच्या हिरवाईने मी सुखावतो, तो ऊस त्यांना तोडायचा असतो. खिडकीची जागा मिळाली तरी त्यांची नजर बाहेर जात नाही, बोचक्यावर असते.

सुट्टी संपून शाळा उघडते. मी हजेरी घेऊ लागतो. काही नावांना 'हजर' येत नाही. खाडा मांडण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो, आणि नवापूरच्या पुढचा तो सुंदर रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो.